हिंदुस्थानांतील ट्रामगाड्या

मुंबईंत दादरच्या पूर्वेस, खोदादाद सर्कलजवळ जावयाचें असलें म्हणजे उतारू आजहि ‘दादर टी. टी.’ असेंच म्हणतो. हीं दोन अक्षरें कसलीं, हें त्याला ठाऊक असतेंच असें नाहीं. ‘ट्राम टर्मिनस’, म्हणजे ट्रामचें शेवटचें ठाणें, या इंग्रजी शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत. १९६४ सालच्या ३१ मार्चला रात्रीं बोरीबंदराहून सुटलेली मुंबईची अखेरची ट्राम दादरला येऊन थांबली आणि नव्वद वर्षांचा एक व्यवहार संपला. त्या रात्रीनंतर जन्मलेल्या माणसांना आतां नातवंडें झालीं. रूळ बुजले, तारा उतरल्या, गाड्या मोडींत गेल्या. नांव मात्र लोकांच्या जिभेवर राहून गेलें.

हिंदुस्थानांत विजेच्या ट्रामा पांच शहरांत धांवल्या : मद्रास, कलकत्ता, मुंबई, कानपूर आणि दिल्ली. त्यांखेरीज नाशिक, पाटणा यांसारख्या गांवीं घोड्यांच्या ट्रामा होत्या. कराची आज परदेशांत गेली असली तरी तेथील ट्राम सुरू झाली तेव्हां तें शहर मुंबई इलाख्यांतच मोडत असे. तेव्हां तिचीहि गणना येथेंच केली पाहिजे. या सर्वांपैकीं एकट्या कलकत्त्यानें ट्राम एकविसाव्या शतकांत आणली. बाकीच्या शहरांनीं ती टाकली कां आणि कलकत्त्यानें ती धरून ठेवली कशी, याचा शोध घेऊं लागलें म्हणजे शहराचा रस्ता कोणाचा, पायीं चालणाऱ्याचा, आणेवारी मोजून प्रवास करणाऱ्याचा, कीं स्वतःची गाडी असणाऱ्याचा, हा जुनाच वाद पुन्हां पुढें उभा राहतो.

ट्राम येण्यापूर्वीं मुंबईंत वाहनें नव्हतीं असें नाहीं. मेणे, पालख्या, शिग्रामें, दमण्या, रेकले आणि बग्ग्या यांची रहदारी पुष्कळ होती. परंतु मेण्यांत बसणारा वेगळा आणि मेणा वाहणारा वेगळा. १८५३ सालच्या एप्रिलमध्यें बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली, आणि ठाण्याचा मनुष्य तासाभरांत मुंबईस येऊं लागला. पण बोरीबंदरास उतरल्यावर पायधुणी गांठण्यास त्याला आपले पायच चालवावे लागत. दूरचा प्रवास स्वस्त आणि जवळचा महाग, अशी ही उलटी स्थिति होती. तीवर तोडगा म्हणजे आगगाडीचाच एक धाकटा भाऊ शहराच्या रस्त्यावर आणून सोडणें. खडबडीत रस्त्यावर घोडा जेवढें ओझें ओढतो त्याच्या कित्येक पट ओझें तो लोखंडी रुळावर ओढूं शकतो, कारण तेथें चाकाला घर्षण फार थोडें होतें. दहा उतारूंचें भाडें वाटून घेतां आलें कीं गाडीचा खर्च भागतो आणि प्रत्येकास ती परवडते. ट्रामचें सारें अर्थशास्त्र या एवढ्याशा गोष्टींत आहे.

मुंबईस ही कल्पना प्रथम सुचली ती कापसाच्या तेजीच्या काळांत. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि १८६१ पासून चार वर्षें मुंबईवर पैशाचा पाऊस पडला. त्या भरांत १८६५ सालीं एका अमेरिकन कंपनीनें घोड्यांच्या ट्रामचा परवाना मागितला व तिला तो मिळालाहि. पण त्याच वर्षीं तिकडचें युद्ध थांबलें, कापसाचे भाव कोसळले, प्रेमचंद रायचंदांसारख्यांच्या पेढ्या डळमळल्या, आणि कालपर्यंत शेअरच्या कागदांनीं श्रीमंत झालेले लोक रस्त्यावर आले. त्या पडझडींत ट्रामचा बेतहि वाहून गेला. पुढें जवळजवळ दहा वर्षें त्याचें कोणी नांव काढलें नाहीं.

अखेर १८७३ सालीं बॉम्बे ट्रामवे कंपनी उभी राहिली आणि स्टर्न्स व किट्रेज यांच्याकडे काम आलें. १८७४ सालच्या मे महिन्याच्या ९ तारखेस मुंबईंत पहिली ट्राम धांवली. मार्ग दोनच होते : एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस आणि दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीसच. हे दोन मार्ग नकाशावर पाहिले म्हणजे आंखणाऱ्याची दृष्टि कळून येते. गोऱ्यांची वस्ती आणि लष्कर एका टोंकास, व्यापाराची देशी पेठ दुसऱ्या टोंकास, आणि आगगाडीचें स्टेशन मध्यें, अशी ही जुळणी होती. प्रारंभीं भाडें तीन आणे असे आणि तिकिटेंच दिलीं जात नसत. तीन आणे ही कांहीं थोडी रक्कम नव्हे. मजुराच्या दिवसाच्या कमाईचा तो मोठाच भाग होता. कंपनीला हें लवकरच उमजलें. दर दोन आण्यांवर आला, तिकिटें निघालीं, आणि पुढें तर भाडें एका आण्यापर्यंत उतरलें. भाडें उतरतांच गाड्या भरूं लागल्या. कोठें एक घोडा तर कोठें दोन जोडून या गाड्या चालत, आणि कंपनीच्या पागेंत नऊशें घोडे होते असें सांगतात. एवढ्या घोड्यांचा दाणावैरण, नालबंदी, आजारपण आणि पावसाळ्यांतील चिखल हे सारें सांभाळणें म्हणजे एक लहानसें घोडदळच पोसणें होय. गाडी ओढण्यापेक्षां घोड्याचें पोट भरण्यांतच अशा कंपन्यांचा बहुतेक पैसा जाई.

या कंपनीशीं ज्याचें नांव जोडलें गेलें त्या किट्रेजसंबंधीं एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे, कारण ट्रामच्या इतिहासांत ती बहुधा गाळली जाते. जॉर्ज किट्रेज हा मुंबईंत स्थायिक झालेला अमेरिकन व्यापारी. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्याबरोबर त्यानें १८८२ च्या सुमारास हिंदी स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टर मिळवून देण्याकरितां निधि उभारला. पुरुष डॉक्टरास नाडी दाखविण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या स्त्रिया त्या काळीं घरोघर होत्या. या निधींतूनच डॉ. एडिथ पेची यांना विलायतेहून बोलाविण्यांत आलें आणि त्या १८८३ च्या अखेरीस मुंबईस येऊन पोंचल्या. त्याच वर्षीं ग्रँट मेडिकल कॉलेजचीं दारें विद्यार्थिनींना उघडलीं, आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगींतून बांधलेलें कामा हॉस्पिटल १८८६ सालीं सुरू झालें. रस्त्यांतून लोखंड अंथरणाऱ्या व्यापाऱ्याला घराच्या माजघरांतील दुःख दिसावें, ही गोष्ट त्याच्या नफ्यातोट्याच्या हिशेबाहून अधिक लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

ट्राममध्यें बसण्याचा सामाजिक अर्थहि थोडा नव्हता. पाणवठा वेगळा, पंगत वेगळी, देवळाची पायरी वेगळी असा तो काळ. आगगाडीनें या वेगळेपणाला पहिला धक्का दिला होता. परंतु आगगाडींत वर्षांतून एकदोनदां बसावें लागे, घरीं आल्यावर स्नान करून मोकळें होतां येई. ट्राम ही रोजची. एकाच बांकावर शेटजींचा मुनीम, कचेरींतला कारकून, गोदींतला हमाल आणि बाजारास निघालेली कोळीण शेजारीं शेजारीं बसत. कंडक्टर आणा मागे, जात विचारीत नसे. भेदभाव यामुळें नाहींसा झाला असें म्हणणें भाबडेपणाचें ठरेल. उतरल्यावर जो तो आपापल्या आळींत जाईच. तथापि ज्या नियमाला अपवाद करणें शास्त्रानें निषिद्ध ठरविलें होतें, तो नियम एका आण्याच्या सोयीपुढें रोज सकाळीं व संध्याकाळीं मोडला जाऊं लागला, हें खरें.

कलकत्त्याची कथा मुंबईच्या एक वर्ष आधीं सुरू होते, पण ती अपयशानें. १८७३ सालच्या २४ फेब्रुवारीस सियालदह स्टेशनापासून हुगळीकांठच्या आर्मेनियन घाटापर्यंत, सुमारें अडीच मैलांच्या अंतरावर, घोड्यांची ट्राम चालूं झाली. उतारूच मिळेनात, त्याच वर्षाच्या २० नोव्हेंबरला ती बंद पडली. पुढें १८८० सालीं कलकत्ता ट्रामवेज कंपनी लंडनमध्यें नोंदली गेली आणि मीटर गेजचे रूळ घालून सियालदह, बहूबाजार, डलहौसी चौक, स्ट्रँड रस्ता या मार्गानें नवी ट्राम निघाली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते तिचें उद्घाटन झालें. या वेळीं मात्र धंदा टिकला. खरी अडचण होती ती हवेची. बंगालच्या उष्म्यांत आणि दमटपणांत ट्रामचे घोडे तग धरीनात. म्हणून १८८२ सालीं वाफेचीं एंजिनें लावून पाहण्यांत आलीं. दाट वस्तींतून धूर आणि ठिणग्या सोडीत जाणारें एंजिन कोणाला आवडणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंपनीपाशीं १६६ गाड्या व सुमारें हजार घोडे होते. वाफेचीं एंजिनें मात्र सातच होतीं. घोडा थकला होता आणि वाफ शहराला मानवत नव्हती. तिसरा उपाय विजेचा.

विजेच्या बाबतींत मुंबई व कलकत्ता या दोघींनाहि मद्रासनें मागें टाकलें, हें आज फारसें कोणाच्या लक्षांत नसतें. १८९५ सालच्या ७ मे रोजीं मद्रासमध्यें विजेची ट्राम धांवली. हिंदुस्थानांतील ही पहिलीच. त्या वेळीं खुद्द लंडनच्या रस्त्यांवर बहुतेक ट्रामा घोड्यांवरच चालत होत्या. मद्रासच्या ट्रामची रचनाहि चमत्कारिक होती. डोक्यावर तार ताणण्याऐवजीं रुळांच्या मध्यें जमिनींत एक अरुंद खांच ठेवून तिच्या आंत वीज वाहून नेणारा पट्टा बसविला होता. गाडीच्या पोटाखालून एक जीभ त्या खांचेंत उतरे आणि वीज घेई. रस्त्याची शोभा बिघडत नाहीं हा या पद्धतीचा गुण. दोष एवढाच कीं, मद्रासला पाऊस पडतो. खांचेंत पाणी भरलें म्हणजे गाड्या जागच्या जागीं खिळून जात. कांहीं वर्षांनीं मद्रासनेंहि वरच्या तारांचा आश्रय केला. कलकत्त्यानें हा अनुभव पाहून प्रथमपासूनच तारा वर ताणल्या. १९०० मध्यें काम सुरू झालें, मीटर गेज काढून रूळ प्रमाण रुंदीचे केले, आणि १९०२ सालच्या २७ मार्चला एस्प्लनेडपासून खिदिरपूरपर्यंत विजेची ट्राम निघाली.

मुंबईला यायला आणखी पांच वर्षें लागलीं. म्युनिसिपालिटीशीं १९०५ सालच्या ७ ऑगस्टला करार होऊन बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीकडे, म्हणजे ज्या आद्याक्षरांनीं मुंबई तिला ‘बेस्ट’ म्हणूं लागली तिच्याकडे, जुनी ट्राम आणि शहराचा वीजपुरवठा असा दुहेरी कारभार गेला. वाडीबंदरला वीज निर्माण करण्याचें केंद्र उभें राहिलें. १९०७ सालच्या ७ मे रोजीं, मद्रासनंतर तंतोतंत बारा वर्षांनीं, मुंबईंत विजेची गाडी धांवली. घोडा नाहीं, एंजिन नाहीं, धूर नाहीं, आणि तरीहि गाडी चालते, हें पाहण्यास रस्त्यांत गर्दी झाली नसती तरच नवल.

त्या गाडीचें यंत्र समजण्यास अवघड नाहीं. रस्त्यावर ताणलेल्या तांब्याच्या तारेंत सुमारें साडेपांचशें व्होल्टचा प्रवाह खेळत असतो. गाडीच्या टपावरचा लांब दांडा स्प्रिंगच्या जोरानें त्या तारेला चिकटून राहतो. प्रवाह दांड्यांतून खालीं येतो, चाकांजवळच्या मोटारी फिरवितो आणि रुळांतून परत आपल्या केंद्राकडे जातो. ड्रायव्हरच्या हातीं सुकाणूं नसतेंच, कारण वाट रुळांनींच ठरविलेली. त्याच्या पुढें पितळी मूठ असे. ती एकेक घर सरकविली कीं गाडीचा वेग वाढे. पायाखालची कळ दाबली कीं घंटा वाजे. शेवटच्या ठाण्यावर गाडी वळवीत नसत. कंडक्टर खालीं उतरून दोरीनें तो दांडा उलट्या बाजूस फिरवी, ड्रायव्हर आपली मूठ काढून दुसऱ्या टोंकास जाई, आणि मागचें तें पुढचें होई. पुष्कळ मुलांच्या मनांत मोठेपणीं राजा होण्यापेक्षां ती दोरी धरण्याची हौस अधिक असे.

विजेनें भाडें स्वस्त ठेवून लांबचा पल्ला शक्य केला, आणि याचा परिणाम शहराच्या अंगावर झाला. १८९६ च्या प्लेगनें मुंबईच्या दाट वस्तीचें भयानक रूप उघडें केलें होतें. त्यानंतर १८९८ सालीं सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झालें. गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढण्याचें आणि उत्तरेस दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आंखण्याचें काम त्यानें हातीं घेतलें. पण नुसत्या आंखलेल्या भूखंडांवर कारकून राहावयास जात नाहीं. त्याला सकाळीं वेळेवर कोटांतल्या कचेरींत पोंचतां आलें पाहिजे. पुढें ट्रामचे रूळ दादर आणि किंग्ज सर्कलपर्यंत गेले. मध्यमवर्गाच्या ज्या वसाहती आज मुंबईच्या मराठी जीवनाचें माहेरघर मानल्या जातात, त्यांच्या उभारणींत लोकलगाडीचा वाटा मोठा असला तरी ट्रामचा विसरतां येत नाहीं. उतारू इतके वाढले कीं १९२० सालीं दुमजली ट्रामा काढाव्या लागल्या. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर एका आण्यांत हवा आणि देखावा दोन्ही मिळत, असें जुने मुंबईकर सांगत.

नाशिकच्या ट्रामची हकीकत लहान, पण ऐकण्याजोगी आहे. आगगाडीचें स्टेशन गांवापासून पांच-सहा मैल दूर पडलें, आणि नाशिकला तर बाराही महिने यात्रेकरूंची रीघ. १८८९ सालीं स्टेशन आणि गांव यांना जोडणारी अडीच फूट रुंदीच्या रुळांची ट्राम सुरू झाली. तिच्या कामांत एव्हरर्ड कॅलथ्रॉप या एंजिनियरचा सल्ला होता. पुढें बार्शी लाइट रेल्वे उभारून ज्यानें अरुंद रुळांच्या शास्त्रांत नांव मिळविलें तोच हा. प्रथम चार घोडे दोन डबे ओढीत. नंतर पेट्रोलवर चालणारी गाडी आली. स्टेशनाकडील भाग तेव्हां ओसाड रानाचा होता, आणि त्या रानांतून गोदावरीच्या स्नानास निघालेली म्हातारीकोतारी माणसें या डब्यांतून शहरांत येत. दुष्काळ आणि प्लेग यांच्या वर्षांत यात्राच ओसरे. यात्रा ओसरली कीं डबे रिकामे. १९३० नंतर दोनतीन वर्षांतच मोटारींच्या चढाओढीपुढें ही ट्राम बंद पडली.

कानपूरची ट्राम १९०७ ते १९३३ अशी पंचवीसएक वर्षें चालली. स्टेशनापासून गंगेवरच्या सरसैया घाटापर्यंत चार मैल रूळ, एवढाच तिचा विस्तार. दिल्लींत ट्राम १९०८ सालच्या मार्चमध्यें आली आणि चांदणी चौक, चावडी बाजार, सदर बाजार, सब्जी मंडी अशा जुन्या शहराच्या भर पेठांतून फिरली. पुढें इंग्रजांनीं नवी दिल्ली वसविली, पण तिच्या लांबरुंद हमरस्त्यांवर ट्राम गेली नाहीं. ती जुन्या दिल्लीचीच राहिली आणि १९६३ सालीं संपली. पाटण्याची घोड्यांची ट्राम १९०३ मध्येंच थांबली होती. कराचींत १८८५ सालीं वाफेवर ट्राम सुरू झाली, मग घोडे आले, मग पेट्रोल. वीज तिच्या नशिबीं आलीच नाहीं. ती १९७५ पर्यंत चालली.

ट्रामा गेल्या कां, याचें उत्तर एका शब्दांत ‘मोटार’ असें देतात, आणि तें अर्धेंच खरें आहे. मुंबईंत बस आली ती १९२६ सालच्या १५ जुलैस, अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. आणि ती आणली ट्रामच्याच कंपनीनें. बसला रूळ लागत नाहींत, तारा लागत नाहींत, रस्ता खोदला तर ती दुसरीकडून जाते. परंतु बसचा रस्ता सरकार किंवा म्युनिसिपालिटी बांधून देते. ट्रामला आपले रूळ स्वतः घालावे लागतात, आणि ते झिजले म्हणजे बदलण्याचा भुर्दंडहि तिलाच. त्यांत कंपन्यांशीं झालेले करार ठराविक मुदतीचे असत. मुदत संपली कीं शहर ट्राम विकत घेणार, हें ठाऊक असलेली कंपनी शेवटच्या वर्षांत नवे रूळ आणि नव्या गाड्या यांवर पैसा कशाला घालील? जुन्या करारानुसार बेचाळीस वर्षांनीं, १९४७ सालच्या ७ ऑगस्टला, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या आठच दिवस आधीं, मुंबईची ट्राम म्युनिसिपालिटीच्या मालकीची झाली. महायुद्धाच्या गर्दीनें खिळखिळ्या झालेल्या गाड्या आणि झिजलेले रूळ अशा मालमत्तेचा तो वारसा होता. मद्रासला तर कोणी वारसहि मिळाला नाहीं. तेथील कंपनीचें दिवाळें वाजलें आणि १९५३ सालच्या १२ एप्रिलनंतर गाड्या निघाल्याच नाहींत.

पुढल्या काळांत मुंबईनें एकेक मार्ग मिटवीत आणला. १९६२ सालीं रुळांवांचून पण विजेच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस काढून पाहिली. ती १९७१ मध्यें बंद केली. ट्राम हळू चालते, रस्ता अडविते, मोटारींना वाट देत नाहीं, असे आरोप त्या वेळीं झाले. त्या आरोपांत तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु रस्ता कोणी कोणाचा अडविला, हा प्रश्न विचारणाऱ्याच्या बैठकीवर अवलंबून असतो. साठसत्तर माणसें घेऊन जाणारी गाडी एक माणूस घेऊन जाणाऱ्या गाडीच्या वाटेंत आली, कीं उलट, हें ट्रामच्या बांकावर बसून पाहिलें असतें तर निकाल निराळा लागला असता. १९६४ च्या मार्च अखेरच्या त्या रात्रीं बोरीबंदर ते दादर रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. जिला अडथळा म्हणून काढावयाचें ठरलें होतें तिला निरोप देण्यास एवढे लोक जमले, हें त्या निर्णयाशीं जुळणारें नव्हतें. पण निर्णय अगोदरच झालेला होता.

कलकत्त्यांत ट्राम ही लोकांच्या जीवनांत किती खोल रुतली होती, हें १९५३ सालीं दिसून आलें. देश स्वतंत्र होऊन सहा वर्षें झालीं तरी ट्रामची कंपनी लंडनमधलीच होती. तिच्या गाडीला दोन डबे असत : पुढचा पहिल्या वर्गाचा, पंखे असलेला, मागचा दुसऱ्या वर्गाचा, पंख्यावांचून. त्या वर्षीं कंपनीनें दुसऱ्या वर्गाचें भाडें एक पैशानें वाढविलें आणि राज्य सरकारनें वाढीस संमति दिली. एक पैसा! पण फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनीं शहर भरून गेलेलें, नोकऱ्या नाहींत, धान्य महाग. अशा वेळीं रोज दोनदां द्यावा लागणारा तो पैसा म्हणजे वर्मीं बसलेला घाव होता. जुलै महिन्यांत उतारूंनीं जुनेंच भाडें पुढें करण्यास आरंभ केला. मग बहिष्कार, हरताळ, लाठीमार, अटका, आणि ट्रामगाड्यांची जाळपोळ इथपर्यंत प्रकरण गेलें. अखेर वाढ मागें घ्यावी लागली. जी गाडी लोकांना हवी होती तिलाच लोकांनीं आगी लावल्या, याचा खेद वाटतो. पण तो राग गाडीवर नव्हता, तो दूर बसून पैसा मोजणाऱ्या मालकावर होता, हेंहि विसरतां येत नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९५४ च्या १४ ऑक्टोबरला, बंगाली कवि जीवनानंद दास यांना रासबिहारी मार्गावर ट्रामचा धक्का लागला आणि आठ दिवसांनीं त्यांचा अंत झाला. मंदगति म्हणून जिची थट्टा होते त्या ट्रामनें बंगालचा एक थोर कवि नेला.

कंपनीचा कारभार राज्य सरकारनें १९६७ सालीं हातीं घेतला आणि १९७६ मध्यें तिचें राष्ट्रीयीकरण झालें. हावड्याच्या बाजूची ट्राम तत्पूर्वींच गेली होती. इतर शहरांप्रमाणें येथेंहि आतां शेवट होणार असें वाटत असतां उलटें घडलें : १९८५ मध्यें माणिकतल्याहून उल्टाडांग्यापर्यंत आणि १९८६ च्या अखेरीस बेहाल्याहून जोक्यापर्यंत नवे रूळ पडले. याचीं कारणें अनेक. पेट्रोल महागलें होतें. कलकत्त्याच्या अनेक रस्त्यांना ट्रामसाठीं वेगळी राखलेली हिरवळीची पट्टी होती. कामगारांच्या संघटना बळकट होत्या. आणि बंगाली मनुष्याला ट्राम सोडवत नव्हती. पण भुयारी रेल्वे १९८४ सालींच सुरू झाली होती, उड्डाणपूल वाढत होते, आणि प्रत्येक नव्या बांधकामाच्या वेळीं ‘तात्पुरता’ म्हणून बंद केलेला ट्रामचा मार्ग पुन्हां उघडेनासा झाला. राखीव पट्ट्या मोडून रस्त्यांत मिळविल्या गेल्या. त्यामुळें ट्राम मोटारींच्या गर्दींत सांपडली, आणि मग ती गर्दी करते असा ठपका तिच्यावरच आला. जोक्याचे ते नवे रूळहि भुयारीच्या जोडमार्गाच्या बांधकामांत गेले. १९९६ पासून कलकत्त्याच्या व ऑस्ट्रेलियांतील मेलबर्नच्या ट्रामप्रेमी लोकांनीं ‘ट्रामजात्रा’ नांवाचा उत्सव चालविला. सजविलेल्या गाड्या, गाणीं, चित्रें असा तो सोहळा असे. मेलबर्नमध्यें ट्रामचें जाळें जगांतील सर्वांत मोठ्या जाळ्यांपैकीं एक आहे. कलकत्त्याचें मात्र त्याच काळांत आटत होतें.

२०२३ सालच्या फेब्रुवारींत त्या पहिल्या, फसलेल्या ट्रामला दीडशें वर्षें झालीं आणि कलकत्त्यानें तो दिवस साजरा केला. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, २०२४ च्या सप्टेंबरांत, राज्य सरकारनें जाहीर केलें कीं मैदान ते एस्प्लनेड एवढा एक मार्ग स्मृति म्हणून ठेवून बाकीची ट्राम बंद करावयाची. ट्रामच्या चाहत्यांनीं उच्च न्यायालयांत दाद मागितली होतीच. रूळ डांबराखालीं पुरले जाऊं नयेत असें त्यांचें म्हणणें. स्मृति म्हणून ठेवलेली गाडी आणि रोज कामावर नेणारी गाडी यांत फरक आहे. पहिलींत माणूस हौसेनें बसतो. दुसरीवांचून त्याचें अडतें.

योगायोग असा कीं, ज्या पॅरिस शहरानें १९३७ सालींच आपल्या ट्रामा हद्दपार केल्या होत्या त्याच्या परिसरांत त्या १९९२ मध्यें पुन्हां आल्या, आणि १९५२ सालीं ट्रामला निरोप देणाऱ्या लंडननें २००० सालीं क्रॉयडनकडे नवे रूळ घातले. मुंबईंतहि रूळ पुन्हां दिसले, पण निराळ्या रीतीनें. कांहीं वर्षांपूर्वीं हुतात्मा चौकांत फ्लोरा फाउंटनची दुरुस्ती चालली असतां फरसबंदीच्या खालीं जुन्या ट्रामच्या रुळांचे तुकडे निघाले. वरून डांबराचे थर चढले होते. खालचें लोखंड जागच्या जागीं होतें, आणि कामगारांनीं माती झाडल्यावर त्याची वाट अजून ओळखूं येत होती.